माशांच्या उवा

मला किळस फार लवकर येते, आणि एकदा आली की दिवसभर जिभेच्या मुळाशी बसून राहते. लहानपणापासूनचं आहे हे. दुधावरची साय ओठाला लागली तर मी अंगणात जाऊन थुंकायची, ताटात केस निघाला तर ताट सरकवून उठायची, आणि मोरीच्या जाळीत अडकलेला भिजका गुंता कुणी काढत असेल तर मी घराबाहेर पळायची. आई म्हणायची, "हिला राजवाड्यात द्याया पायजे, हितं न्हाय हिचं जमायचं." आमचं घर राजवाड्यापासून फारच लांब होतं. असल्या मुलीच्या वाट्याला एका उन्हाळ्यात जिवंत माशांच्या अंगावरच्या उवा चिमट्यानं ओढून काढायचं काम आलं. ती किळस अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. हे लिहितानासुद्धा मी मधूनमधून दंडावर हात फिरवते आहे, तिथं काही चिकटलेलं नाही ना ते बघायला.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढची आणि मागची, आणि मधे दाराऐवजी जुन्या चादरीचा पडदा. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. त्यांची खटखट इतकी सवयीची झाली होती की ती चालू असताना ऐकू यायची नाही, वीज जाऊन बंद पडली की मात्र सगळी गल्ली एकदम मुकी झाल्यासारखी वाटायची आणि झोपलेली माणसं जागी व्हायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, टेंभुर्णीकडची कोरडवाहू जमीन भावावर सोपवून सोलापुरात आले होते आणि सुताच्या रंगखान्यात रंगारी म्हणून लागले होते. उकळत्या हौदावर वाकायचं, दांड्यांना अडकवलेल्या सुताच्या लडी वरखाली करायच्या, आणि ती वाफ दिवसभर छातीत घ्यायची, असं ते काम. घरी आले की त्यांच्या अंगाला गंधक घातलेल्या रंगाचा, सडक्या अंड्यासारखा वास यायचा. जगातल्या सगळ्या वासांमधे तेवढ्याच एका वासाची मला कधी किळस आली नाही. आई कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा पुढं ठेवायची, अण्णा भाकरी मोडायचे आणि पहिल्या घासाला खोकायचे. तो खोकला वर्षावर्षाला खोल जात चालला होता. रंगखान्यात एक रंगमास्तर होते, म्हातारे. ते हौदापासून लांब, खिडकीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि नमुन्याच्या सुताशी रंग जुळवून सांगायचे. मास्तर लवकरच काम सोडून गावी जाणार, ही बातमी पसरली होती. आई रोज देवापुढं हात जोडताना ती खुर्ची मागायची. "येकदा का तुमी वाफंतनं बाजूला झालाव, की खोकला जातोय बघा," असं ती अण्णांना सांगायची, जणू खुर्ची घरात आणून ठेवलेलीच आहे.

त्या उन्हाळ्यात रंगखान्याचे मालक घरच्यांना घेऊन काशीयात्रेला निघाले. मागं घराला रंग द्यायचा होता, आणि त्यांच्या दिवाणखान्यात मुंबईहून आणलेली काचेची पेटी होती, माशांची. ती कुठं ठेवायची हा प्रश्न होता. मालकांनी अण्णांना बोलावलं. "नामदेव, पाण्यातलं तुला कळतं. जड पाणी कुठलं, हलकं कुठलं, सगळं तुला माहीत. आम्ही येईपर्यंत एवढं सांभाळ. आलो की मास्तरच्या जागेचं बोलू." अण्णा घरी आले ते अर्धे धावतच. आईनं त्या दिवशी गूळ घालून गव्हाच्या रव्याचा सांजा केला की काय केलं ते मला आता नीट आठवत नाही, पण काहीतरी गोड झालं होतं.

पेटी हातगाड्यावरून आली. लोखंडी चौकटीत बसवलेल्या काचा, बरोबर बुडबुडे सोडणारं एक घरघरतं यंत्र, आणि मासे पितळी घागरीत, ती घागर अण्णांनी स्वतः छातीशी धरून आणलेली. केशरी रंगाचे, लांब झिरझिरीत शेपट्यांचे मासे होते ते, गोल्डफिश. पेटीत मधोमध ठेवायला मालकीणबाईंनी एक वस्तू फडक्यात बांधून दिली होती. पांढरंशुभ्र पोवळं, भोकाभोकांचं, बारीक फांद्या फुटलेलं, आदल्या वर्षी रामेश्वरहून आणलेलं. "रामेश्वरचं आहे हं ते, नीट ठेवा. समुद्रातलं असतं, माशांना घरच्यासारखं वाटतं," असा त्यांचा निरोप होता. त्या माशांच्या सात पिढ्यांनी समुद्र बघितला नव्हता, ते गोड्या पाण्यातले होते, पण हे आम्हाला तेव्हा कुठून कळणार. आईनं ते पोवळं दोन्ही हातांनी घेतलं आणि आधी कपाळाला लावलं. तिच्या दृष्टीनं तो देवाचा दगड होता.

पुढच्या खोलीत पेटी बसली आणि आमच्या घराला गल्लीत भाव आला. बायका भाजी निवडायला पेटीसमोर येऊन बसायच्या. पाण्यावरून मात्र घरात कुरबुर व्हायची. नळ सकाळी जेमतेम तासभर यायचा, त्यातलं पाणी माशांसाठी वेगळं काढून शिळं करायचं. "मानसाला आंगुळीला तांब्याभर, आन् माशाला हौद," आई म्हणायची, पण हंडा भरून ठेवायची तीच. पेटीत मालकिणीनं एक प्लॅस्टिकचं झाड लावलं होतं. अण्णांना ते खटकायला लागलं. मालक परत येतील तेव्हा पेटी गेली होती त्याहून चांगली दिसायला हवी, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी ते कंबर तलावावर गेले आणि ओलं पोतं भरून हिरवीगार पाणवनस्पती घेऊन आले. धुतली, पेटीत लावली. खरंच पेटी त्या दिवशी बागेसारखी दिसली. आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.

काही दिवसांनी मासे अंग घासायला लागले. गोठ्यातली म्हैस खांबाला घासते तसे ते पोवळ्याला अंग घासायचे, मधेच सुळकन वर येऊन उडी मारायचे, परत घासायचे. शाळेला सुट्टी होती, मी दिवसभर पेटीसमोर पालथी पडलेली असायची, त्यामुळं पहिल्यांदा ते मला दिसलं. सगळ्यात मोठ्या माशाच्या पोटावर एक खवला जरा वेगळा वाटला, हिरवट, आरपार दिसणारा. मी काचेला नाक लावून बघत होते. तो खवला चालायला लागला. माशाच्या अंगावरून सरकत सरकत तो कल्ल्याजवळ गेला आणि तिथं चिकटून बसला. चपटा, गोल, करंगळीच्या नखाहून लहान, कडेनं बारीक पाय सारखे फडफडत असलेले, आणि वर दोन काळे ठिपके, डोळे. ते डोळे माझ्याकडं बघतायत असं मला वाटलं. मी ओरडले नाही, माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं, आणि मी मोरीकडं पळाले.

गुरांच्या दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम करणारे मौलाभाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. आईनं त्यांना बोलावणं पाठवलं. ते आले, उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "भाभी, ये जुवां हैं. मच्छी के जुवां. तालाब के पत्ते में आये." मग अण्णा बसले होते तिकडं वळून त्यांनी उपाय सांगितला. मोठ्या आहेत त्या चिमट्यानं काढायच्या, मासे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचे, मग विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचं पाणी, पण अगदी हलकं, गुलाबी. पेटी रिकामी करून धुवायची. आणलेली झाडं फेकून द्यायची. अण्णांनी त्याच पावली झाडं उपटली आणि गल्लीबाहेर टाकून आले. येताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. स्वतःच्या हातानं आणून लावली होती ना.

चिमट्याचं काम माझ्याकडं आलं, कारण अण्णांना जवळचं नीट दिसत नव्हतं आणि आईनं साफ सांगितलं, "माज्यानं जित्या जीवाला चिमटा लागायचा न्हाय." पायातला काटा काढायचा आमचा लोखंडी चिमटा होता. अण्णा ओल्या फडक्यात मासा धरायचे, त्याचं तोंड उघडमीट करत असायचं, आणि मी ऊ शोधायची. ती सहज सुटत नसे. खालून चोखून धरलेली असायची, ओढली की माशाची कातडी थोडी वर उचलली जायची, ताणायची, आणि मग ती एकदम सुटायची आणि चिमट्याच्या टोकावर सगळे पाय हलवत राहायची. सुटली त्या जागी लाल ठिपका. ती मिठाच्या वाटीत टाकायची, तिथं ती गरगर फिरायची आणि थांबायची. एकदा एक चिमट्यावरून निसटली आणि माझ्या मनगटावर पडली. ती पडली तशी राहिली नाही, चालायला लागली. थंड, ओली, आणि वजन तर काहीच नाही, तरी तिचा एकेक पाय मला कळत होता. मी हात इतका झटकला की वाटी उपडी झाली आणि मेलेल्या-जिवंत उवा मिठाच्या पाण्यासकट जमिनीवर पसरल्या. अण्णा रागावले नाहीत. "जरा सोस की गं शके. मालक येईस्तवर तरी सोस," एवढंच म्हणाले.

नेमका दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि आईचा उपास. स्वैंपाकाच्या खोलीत परातीत नुकताच वाफवलेला साबुदाणा पसरलेला होता. गोल, आरपार, मधे पांढरा ठिपका असलेला. मी त्याच्याकडं बघितलं आणि तिथंच ओकले. आज मी म्हातारी झाले, चतुर्थ्या-एकादश्या सगळ्या करते, पण माझ्या घरात उपासाला वरी असते. सुना विचारतात, साबुदाणा का नाही हो, आणि मी पित्त होतं म्हणून सांगते.

लाल औषधाच्या वेळी आमच्या घराचीच म्हणावी अशी चूक झाली. मौलाभाईंनी गुलाबी सांगितलं होतं. अण्णा रंगारी, त्यांनी रंग डोळ्यानं कशाला ठरवावा? त्यांनी पांढऱ्या सुताची बारकी लड आणली, बादलीत बुडवून वर काढली, उजेडात धरली. सुतावर काही दिसेना. "ह्याला काय गुलाबी म्हनत्यात व्हय," म्हणून त्यांनी आणखी चिमूट टाकली. सुतावर गुलाबी उठेपर्यंत टाकत गेले. त्यांच्या धंद्यात फिका रंग म्हणजे अर्धवट केलेलं काम. मासे बादलीत सोडले तसे ते वेडेवाकडे धावायला लागले. आम्ही घाईनं काढले, पण सगळ्यात लहान मासा आडवा झाला तो झालाच. मौलाभाई संध्याकाळी आले, बादलीकडं बघून कपाळाला हात लावला. "मच्छी कू रंगाव नै बोल्या था मैं, नामदेवभाई." एरवी अण्णा हसले असते. त्या दिवशी ते मेलेला मासा हातात घेऊन बसले होते, आणि आई हळू आवाजात म्हणत होती की एक गेला तर मालकाला कळायचं नाही, आणि अण्णा म्हणत होते की कळणार, मालकाला आपल्या वस्तूंची मोजदाद असते.

त्यानंतर गुलाबी म्हणजे अगदी धुवट गुलाबी झालं, उवा मेल्या, मासे शांत झाले. आणि मग पुन्हा एक दिवस त्यांनी अंग घासायला सुरुवात केली. या वेळच्या उवा बारक्या होत्या, कोंड्याएवढ्या, पण चालत होत्या. पुन्हा सगळं केलं. मासे घागरीत काढले, पेटी अंगणात नेऊन घासली, तळाची वाळू तव्यावर भाजली, एकेक मासा फडक्यात धरून मी बारक्या उवा टिपल्या. पोवळं तेवढं आई स्वतः उचलायची. देवाचा दगड उष्ट्या-खरकट्या बादलीत ठेवायचा नाही म्हणून ती तो आधी स्वच्छ पाण्यानं धुवायची आणि पेटी तयार होईपर्यंत देव्हाऱ्यात, पाणी घातलेल्या ताम्हनात ठेवायची, वर बेलाचं पान. सोमवार असेल तर त्याच्यावर अभिषेक व्हायचा. पेटी भरली की मग दगड परत आपल्या जागी. आम्हाला सगळ्यांना ते योग्यच वाटत होतं. आणि थोड्या दिवसांनी उवा परत यायच्या. अण्णांची भूक गेली. कधी नळाच्या पाण्यावर संशय, कधी माशांच्या खाण्यावर, शेवटी माझ्यावर. "तुजं ध्यान कुटं असतंय गं? एखादी र्‍हाती, तिचीच ही पिलावळ." मी रडले. किळस गिळून, मळमळ दाबून जे काम करत होते त्यातच मी खोटी ठरत होते. त्याच आठवड्यात रंगखान्याच्या मुनिमांनी सांगितलं की मालक आता आठवड्याभरात येतायत, आणि म्हातारे मास्तर सामान बांधतायत.

पुन्हा सोमवार आला. आई देव्हाऱ्यापुढं बसली होती, पोवळं ताम्हनात. ती त्याला गंध लावत होती, बोटानं, दर वेळेसारखं. तिचं बोट थांबलं. ती तेच बोट परत परत एका जागेवर फिरवत राहिली. मग तिनं मला हाक मारली. तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी लगेच गेले. ती दगड घेऊन दारातल्या उजेडात आली. फांदीच्या खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशा जागी, बारीक पिवळट दाणे चिकटलेले होते, खसखशीएवढे, ओळीनं, जणू कुणी धावदोरा घातलाय. एका ओळीला लागून दुसरी ओळ, भोकांच्या आतपर्यंत गेलेली. आईनं दोन्ही अंगठ्यांची नखं एका दाण्यावर ठेवली आणि दाबली. तो आवाज मी जन्मापासून ओळखत होते. दर रविवारी माझं डोकं मांडीवर घेऊन, रॉकेल लावून, ती तोच आवाज करत बसायची.

"लिखा हायत ह्या," आई म्हणाली.

मग तिला पुढचं कळलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर कळताना मी बघितलं. ताम्हनातलं पाणी. दर वेळी पूजा झाली की ती त्यातलं तीर्थ पळीनं आमच्या हातावर घालायची. मी प्यायले होते. अण्णा प्यायले होते, खोकला जावा म्हणून दोन पळ्या. ती स्वतः प्यायली होती. आईनं पदर तोंडाशी धरला आणि ती मोरीत गेली. तिला ओकताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी ओकले नाही. माझी किळस कुठंतरी पलीकडं निघून गेली होती, मी नुसती जीभ दातांनी खरवडत बसले. अण्णा आले, त्यांना सांगितलं. त्यांनी दगड उलटा करून उजेडात धरला आणि ते म्हणाले, "म्हंजे पोरीची चूक न्हवती."

माझा भाचा पुण्यात समुद्राच्या पाण्याची पेटी ठेवतो. त्यात जिवंत पोवळी आहेत, निळ्या दिव्याखाली चमकणारी, आणि त्यांच्यावर तो जिवापाड प्रेम करतो. मध्यंतरी त्याच्याकडं गेले तर भिंग लावून एका फांदीवर ओणवा झाला होता. म्हणाला, आत्या, ह्यांनाही किडे लागतात, औषधात बुडवलं की किडे गळून पडतात, पण अंडी मरत नाहीत, ती हातानं खरवडावी लागतात. मला दाखवायला त्यानं भिंग पुढं केलं. मी बघितलं, ओळीनं बसलेली होती. त्याच्या घरी मी त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायले नाही.

आता तो दगड उकळल्याशिवाय इलाज नव्हता. अण्णा म्हणाले, मालकिणीची वस्तू आहे, उकळून फुटली तर? आईचं भय वेगळं होतं. रामेश्वरचा देव पातेल्यात घालून चुलीवर ठेवायचा, हे तिला बोलतासुद्धा येईना. ती देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली. ती ज्या देवाकडं खुर्ची मागत होती त्यालाच उकळायचं होतं. शेवटी ती उठली, दुसऱ्यांदा अंघोळ केली, जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घासून घेतलं, पाणी ठेवलं आणि आधण आल्यावर दगड आत सोडला. हात जोडून ती पातेल्याशी बोलली, "देवा, तुला न्हाय उकळत मी. तुज्यावरची घाण काढायलीय." पाण्यावर पिवळट फेस आला आणि घरभर शेवाळाचा, कुजका, खारट वास सुटला. आई तिथून हलली नाही. नंतर मी दाभणानं भोकाभोकातून ती अंडी खरवडली, पेटीच्या काचांचे कोपरे पात्यानं खरवडले, तिथंही दोन ओळी निघाल्या. दगड फुटला नाही. होता त्याहून पांढरा झाला.

मालक आले तोपर्यंत माशांच्या अंगावरचे लाल ठिपके भरून आले होते. पाणी इतकं स्वच्छ होतं की पेटीत पाणी नाहीच असं वाटावं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली, मालक आणि मालकीणबाई चालत आत आले, मागं पोरांचा घोळका. आईनं शेजारून कपबश्या आणि दोन खुर्च्या आणल्या होत्या, जास्तीचं दूध घेतलं होतं. ती पडद्याआड चहा ओतत होती. मालक पेटीसमोर उभे राहिले. "वा, नामदेव. छान ठेवलेत." एक मासा कमी आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. दोघं खुर्च्यांवर टेकले. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण अण्णांना राहवलं नाही. इतके दिवस जे केलं ते कुणाला तरी सांगायला नको का? ते उत्साहानं सांगायला लागले, मासे कसे घासत होते, ऊ कशी चिकटते, फडक्यात मासा कसा धरायचा, पोरीनं चिमट्यानं एकेक कशी वेचली, लिखा कुठं निघाल्या, दगड कसा उकळला. आपण किती बारकाईनं काम करतो हे मालकांना कळावं, म्हणजे खुर्चीचा प्रश्न मिटला, असं त्यांना वाटत असावं. मालकीणबाईंनी नाकाला पदर लावला. "उवा? आमच्या माशांना?" मग त्या म्हणाल्या, "आणि तो दगड उकळत कशाला बसलात? रामेश्वरात टोपल्यांनी विकायला असतात. फेकून द्यायचा." पडद्याआड कपबशीचा आवाज थांबला.

आईनं मला पुढं केलं. मी थाळीत कप घेऊन गेले. मालकीणबाईंची नजर माझ्या बोटांवर गेली. लाल औषधानं ती तपकिरी पडली होती, नखांसकट, किती घासली तरी निघत नव्हती. त्यांनी कप घेतला, खाली ठेवला, आणि खुर्चीत जरा मागं सरकल्या. मालकांनी तोंडाशी नेलेला कप परत बशीत ठेवला. "राहू दे. आत्ताच घेऊन निघालोय." मी समोर उभीच होते. तो चेहरा मला चांगला माहीत होता. ओठ आत ओढलेले, घशात काहीतरी धरून ठेवलेलं. मी महिनाभर उवांकडं बघून तोच चेहरा करत होते. तोपर्यंत किळस ही मी करायची गोष्ट होती, माझी कुणी करेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी बोटं मुठीत घेतली, आणि इतकी लाज वाटली की थाळी तिथंच टाकून पळावं.

"ही पेटी राहू दे इथंच," मालक उठत म्हणाले. "घरात लहान मुलं आहेत." अण्णा त्यांच्या मागं उंबऱ्यापर्यंत गेले. "मालक, ते मास्तरच्या जागंचं..." मालक वळले नाहीत. रुमालानं हात पुसत होते, कशालाही हात लावलेला नसताना. "मास्तर म्हणजे गिऱ्हाइकांसमोर बसायचं, नामदेव. चार लोकांचं चहापाणी असतं तिथं. बघू." मोटार गेली. त्या खुर्चीवर पुढं मालकांच्या सासरचा कुणी मुलगा येऊन बसला, आणि अण्णा छातीनं साथ दिली तोवर हौदावरच राहिले.

पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं. पोरं पांगली. आई पडद्याबाहेर आली आणि कप उचलायला वाकली. "ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. ते खाली चटईवर बसले, मालकांचा कप जवळ ओढला. चहावर जाड साय आली होती. एरवी माझ्यासाठी ते साय बोटानं काढून टाकायचे, तशीच त्यांनी दुसऱ्या कपावरची काढली आणि तो कप माझ्यापुढं सरकवला. मी हात पाठीमागं धरले होते. "धर की," अण्णा म्हणाले. "दूध लई घातलंय आईनं." मी दोन्ही हातांनी कप घेतला आणि त्यांच्याजवळ बसून तो चहा प्यायले.